ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं : डिस्क बदलण्याआधी काय तपासायचं?

घाटउतार (सातारा)

हायवेला ऐंशी-नव्वदच्या वेगात हलका ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं, पेडल पायाला ठोके देतं आणि वेग चाळिसाखाली आला की सगळं शांत होतं. यावर गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं : डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) वाकली, टर्निंग करा (म्हणजे लेथवर फेस सारखा करून घ्या) नाहीतर बदला. टर्निंग होतं, डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅड नवे पडतात, गाडी छान थांबायला लागते. पाच-सहा हजार किलोमीटर झाले की थरथर परत हजर. ती परत का येते हे कळलं तर तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागत नाही, म्हणून हा धागा.

बिडाची डिस्क अशी सहजासहजी वाकत नाही. बहुतेक वेळा ती हबवर (चाक आणि डिस्क ज्याला बसतात तो गोल भाग) किंचित तिरकी बसलेली असते. किती तिरकी? कडेला ०.१० मिमी, म्हणजे वहीच्या एका पानाइतकी. ब्रेक सोडल्यावर पॅड डिस्कपासून फार लांब जात नाहीत, अगदी लागूनच उभे असतात. त्यामुळे डिस्कचा बाहेर आलेला तेवढाच भाग दर फेऱ्याला पॅडला चाटून जातो. १८५/६५ आर १५ टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे, पाच हजार किलोमीटरला पंचवीस लाखांच्या वर. एवढ्या वेळा एकच जागा घासली की ती पातळ होते आणि डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही.

थरथर होते ती या जाडीतल्या फरकामुळे. पॅडखाली जाड भाग आला की पॅड दाबणारा पिस्टन मागे रेटला जातो, ब्रेक ऑइल मागे सरकतं, पेडल पायाला वर ढकलतं. पातळ भाग आला की उलट. ०.०१५ ते ०.०२ मिमीचा फरकसुद्धा पायाला कळतो. नुसता तिरकेपणा मात्र लगेच कळत नाही, कारण सरकता कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) डिस्कबरोबर थोडा डावी-उजवीकडे हलून तो सांभाळून घेतो.

आता टर्निंगनंतर काय होतं ते बघा. जाडी सारखी झाली, थरथर गेली. तिरकेपणा तसाच राहिला. पुढचे पंचवीस लाख फेरे सुरू.

गोडोलीकर

मांडणी पटली. पण पुढची डिस्क की मागचा ड्रम (मागच्या चाकाचा डब्यासारखा ब्रेक), हे चाक खोलण्याआधी कसं ओळखायचं?

घाटउतार (सातारा)

स्टिअरिंग हलतं तेव्हा दोष पुढे. स्टिअरिंग शांत आणि सीट, फ्लोअर थरथरतो तेव्हा मागे. पेडलचे ठोके दोन्हीकडून येऊ शकतात, एकट्या त्यावर ठरवू नका.

खात्री करायची तर पूर्ण रिकाम्या, सरळ, कोरड्या रस्त्यावर ४० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवायचं आणि लिव्हर हळूहळू ओढायची. हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालतो. तेव्हा थरथर आली तर ड्रम बघा. बटण सोडायचं नाही, म्हणजे लिव्हर लॉक होत नाही आणि चाक धरलं तर क्षणात सोडता येतं. ओल्या रस्त्यावर आणि घाटात हा प्रयोग नको.

ब्रेक न लावताही ८० ते १०० दरम्यान स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी व्हील बॅलन्सिंग. त्याचा ब्रेकशी संबंध नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

यात एक भर. एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चालू झाल्यावर पेडलला जो धडधड धक्का बसतो त्याला काही लोक दोष समजतात. तो जोरात ब्रेक मारल्यावर किंवा खडी, वाळू, चिखल असेल तिथेच येतो आणि खडखड आवाजासह येतो. उसाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल डांबरावर पडलेला असतो, तिथे हे सारखं जाणवेल. डिस्कची थरथर हलक्या ब्रेकलाही येते आणि वेग कमी होईल तशी तिची गती कमी होत जाते, कारण ती चाकाच्या फेऱ्याला बांधलेली आहे. वरच्याच टायरला १०० च्या वेगात सेकंदाला चौदा फेरे, ६० ला साडेआठ.

पाना_१७

माझ्या हातात सध्या एक हॅचबॅक आहे. रीडिंग देतो, जाणकारांनी बघावं. पुढच्या डिस्क, नवी असताना २२ मिमी, टोपीवर (डिस्कच्या मधल्या, हबवर बसणाऱ्या भागावर) किमान जाडी २० मिमी कोरलेली. बाहेरच्या कडेपासून १० मिमी आत, ४५ अंशांवर आठ जागी मायक्रोमीटर लावला.

डावी : २१.४१, २१.४१, २१.४०, २१.३९, २१.३८, २१.३८, २१.३९, २१.४०.
उजवी : आठही जागी २१.४३, सुई जेमतेम हलते.

डायल गेजवर (डिस्क फिरताना किती डोलते ते सुईने दाखवणारं माप) डावी ०.११ मिमी आऊट, म्हणजे तेवढी तिरकी, उजवी ०.०४. चाकं सुटी करताना डाव्या बाजूचे दोन नट एवढे आवळलेले होते की पाइप लावावा लागला, उरलेले दोन हातपान्याने सुटले.

घाटउतार (सातारा)

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. डावीच्या जाडीत ०.०३ मिमीचा फरक, थरथर यायला पुरेसा. आणि तो तयार केलाय ०.११ च्या तिरकेपणाने. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये याची मर्यादा ०.०५ ते ०.१० च्या दरम्यान असते. काम टिकायला हवं असेल तर ०.०५ च्या आत आणा.

डिस्क लगेच लेथवर नेऊ नका. आधी तिरकेपणा कुठून येतोय ते शोधा. डायल लावताना नट वॉशर घालून क्रॉसमध्ये आवळलेत ना? नटाचा तोंडाकडचा भाग निमुळता असतो, वॉशरशिवाय डिस्क नीट दाबली जात नाही आणि रीडिंग खोटं येतं. तसंच डिस्क हाताने आत-बाहेर रेटून बघा. सुई हलली तर बेअरिंगमध्ये खेळ आहे, तो काढल्याशिवाय पुढचं सगळं वाया.

मग डिस्क काढा. अडकली असेल तर हातोडा नको. कित्येक डिस्कना टोपीवर ८ मिमीची आट्यांची दोन भोकं दिलेली असतात. त्यात दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा, डिस्क आपोआप बाहेर येते. कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगा, होजवर लोंबकळू देऊ नका.

आता हबचा फेस बघा. बोट फिरवलं तर गंज हाताला लागणार नाही. बॅटरी आडवी धरून उजेड पाडा. बहुतेकदा एखाद्या स्टडच्या (चाकाचा नट बसतो त्या आट्यांच्या दांड्याच्या) मुळाशी तपकिरी पापुद्र्याची अर्धचंद्रासारखी कडा दिसते, घट्ट बसलेली, नखाने न निघणारी. हबच्या फेसचा व्यास साधारण १४० मिमी आणि डिस्कवर आपण मोजतो तो २४० मिमी. म्हणजे हबच्या कडेला ०.०५ चा पापुद्रा असला की डिस्कच्या कडेला तो ०.०८-०.०९ होऊन दिसतो. मोजूनमापून केलेलं टर्निंग या एका पापुद्र्यापायी फुकट जातं.

पाना_१७

तारेचा ब्रश आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर मारून हब साफ केला, स्टडच्या बुडाचा गोल भाग छोट्या ब्रशने. डिस्कच्या टोपीची आतली बाजूही घासली, तिथेही गंज होता. हबचा स्वतःचा फेस ०.०२ आऊट. डिस्क परत लावून ०.०६ आलं. फेसला ग्रीस लावू का, परत गंज धरू नये म्हणून?

घाटउतार (सातारा)

नको. ग्रीसचा थरही जाडी धरतो आणि गरम झाल्यावर बाहेर उडून डिस्कवर येतो. फेस कोरडा आणि स्वच्छ राहू दे.

०.११ चं ०.०६ झालं, अर्धं काम झालं. आता डिस्क एक स्टड पुढे फिरवून बसवा. चार स्टडच्या गाडीत ९० अंशांची पायरी, पाच स्टडला ७२. प्रत्येक जागी मोजा. हबचा तिरकेपणा आणि डिस्कचा तिरकेपणा एकमेकांविरुद्ध आले की बेरीज कमी होते. कमीत कमी रीडिंग मिळेल तिथे डिस्कवर आणि एका स्टडवर खडूने खूण करा. डिस्क छोट्या स्क्रूने हबला धरलेली असेल तर स्क्रूचं भोक जुळेल तेवढ्याच जागा मिळतात.

पाना_१७

चार जागा : ०.०६, ०.०५, ०.०३, ०.०७. तिसरीवर खूण केली.

कुपवाड_टर्नर

आता लेथचं. जाडीतला ०.०३ चा फरक काढायला टर्निंग लागणारच, पण ते कसं होतंय ते उभं राहून बघा.

डिस्क थेट तीन जबड्यांच्या चकमध्ये बाहेरच्या कडेवर पकडली की काम बिघडलं. ती कड लेथसाठी बनवलेली नाही. डिस्क जशी हबवर बसते तशीच लेथवर बसली पाहिजे : टोपीचा आतला फेस एका सपाट फ्लँजवर टेकवायचा, मधलं भोक सेंटरिंगला वापरायचं. कट लावण्याआधी न झिजलेल्या जागी, म्हणजे पॅड पोचत नाही त्या अगदी आतल्या पट्टीवर डायल लावून जॉब किती आऊट फिरतोय ते बघायचं. दोन्ही फेस एकाच सेटिंगमध्ये. एक बाजू मारून डिस्क उलटी केली की दोन्ही फेस समांतर राहतील याची खात्री नाही.

कट एका बाजूला ०.१० ते ०.१५, त्याहून जास्त एकदम नको. कार्बाइड टूल, १२० ते १५० आरपीएम, फीड (टूल एका फेऱ्याला किती सरकतं ते) ०.०५ ते ०.१० मिमी. फीड जास्त दिला की फेसवर ग्रामोफोनच्या तबकडीसारखी आटी पडते, पॅड त्या आटीवर चढून कटकट आवाज करतो. शेवटी डिस्क फिरत असताना १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी गुटक्यावर गुंडाळून दोन्ही बाजूंना मारायचा, रेघा आडव्या-उभ्या झाल्या पाहिजेत.

वरच्या केसमध्ये २१.३८ वरून दोन्ही बाजूंचे मिळून ०.२५ गेले तरी २१.१३ उरतात. किमान २० आहे, पुढच्या झिजेला भरपूर जागा. २०.३ वगैरेवर आलेली डिस्क मात्र टर्निंग करून देणं बरोबर नाही. टर्निंगनंतर ती वापरात २० च्या खाली जाते, आणि पातळ डिस्क लवकर तापते.

आणखी एक. फेसवर निळसर डाग दिसले तर टर्निंगचे पैसे घालवू नका. तिथलं बीड प्रचंड उष्णतेने कडक झालेलं असतं. टूल त्यावरून उडी मारतं आणि डाग आत खोल गेलेला असतो. वरून फेस चकचकीत होईल, पण मऊ भाग आधी झिजून कडक भाग थोड्याच दिवसांत परत वर येईल. अशी डिस्क भंगारात, आणि दोन्ही बाजूंच्या एकदम बदलायच्या.

लेथवरून आली की डिस्क साबणाच्या गरम पाण्याने घासून धुवा. ब्रेक क्लीनरने तेल जातं, बिडाची बारीक काळी पूड जात नाही. पांढरं फडकं फिरवून ते पांढरं राहिलं तर झालं.

गोडोलीकर

सगळ्या आठ जागी जाडी सारखी, डायलही ०.०४, तरी थरथर. असं असेल तर?

घाटउतार (सातारा)

तर फेसवर पॅडचा मसाला (पॅडचा घासणारा थर) चिकटलेला असण्याची शक्यता मोठी. जाडी मोजून तो सापडत नाही, डोळ्यांनी सापडतो. डिस्कवर पॅडच्या आकाराचा काळपट ठसा, कडा अगदी स्पष्ट. त्या जागी घर्षण वेगळं, म्हणून दर फेऱ्याला एक झटका.

आपल्याकडे हे घाटाखाली होतं. पसरणी घाटाचाच हिशेब करा. पाचगणीहून वाईला उतरताना पाचशे मीटरच्या वर उंची कमी होते. माणसांसकट १,२०० किलोची गाडी ५०० मीटर उतरली की जवळजवळ ६ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. म्हणजे दोन किलोवॉटचा गिझर पाऊण तासाहून जास्त चालवल्याएवढी. इंजिनाला रोखू दिलं नाही तर यातली बहुतेक उष्णता पुढच्या दोन डिस्क घेतात. अशा तापलेल्या डिस्कवर खाली येऊन गाडी थांबवली आणि पाय पेडलवर दाबून ठेवला, की पॅडचा मसाला त्या एका जागी भाजून चिकटतो. यवतेश्वर घाट उतरून गावात शिरल्या शिरल्या ट्रॅफिकमध्ये उभं राहताना नेमकं हेच होतं.

म्हणून उतारावर दुसरा-तिसरा गिअर, इंजिनाचा आवाज चढू द्या, त्याने काही बिघडत नाही. ब्रेक सतत हलका घासत ठेवण्यापेक्षा थोडा ठाम लावून पूर्ण सोडायचा, मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. खाली आल्यावर दोन-तीन किलोमीटर ब्रेकशिवाय चालवून मग थांबा. थांबावंच लागलं तर सपाटीवर गिअर टाकून पाय काढा. आणि गरम डिस्कवर लगेच पाइपने पाणी मारून गाडी धुऊ नका. पॅडखाली झाकलेला भाग गरम आणि बाकीचा एकदम थंड, डिस्क खरंच वाकायची ती अशाने.

ठसा पुसट असेल तर १२० चा पॉलिश पेपर डिस्कला आणि पॅडला मारून परत बेडिंग (ठरावीक पद्धतीने ब्रेक लावून पॅड डिस्कवर बसवून घेणं) केलं की जातो. गडद, हाताला लागणारा असेल तर टर्निंग.

पाना_१७

बेडिंगची पद्धत कुणी नीट लिहील का? गॅरेजवाले 'दोनशे किलोमीटर सांभाळून चालवा' एवढंच सांगतात.

घाटउतार (सातारा)

पहाटे, मागे-पुढे गाडी नसताना. ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने ब्रेक, चाक लॉक होईल किंवा एबीएस लागेल एवढा नाही. पूर्ण थांबायचं नाही. परत ६० ला या, मध्ये अर्धा मिनिट जाऊ दे. असं दहा वेळा. आठव्या-नवव्या वेळी थोडा जळका वास येईल, तो चालतो. धूर निघाला तर थांबवा आणि तसंच हळू चालवत गार करा. शेवटी दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न वापरता गाडी चालवायची. या सगळ्यात गरम डिस्कवर कुठेही पाय दाबून उभं राहायचं नाही, हँडब्रेकही ओढायचा नाही.

कुपवाड_टर्नर

पॅड टाकताना सरकत्या पिना (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या) बघितल्या का, हे कुणी विचारलं नाही. पिन अडकली की एकच पॅड डिस्कला चिकटून राहतो आणि तीच जागा चाटणं सुरू होतं. जुने पॅड हातात घ्या. आतला २ मिमी आणि बाहेरचा ६ मिमी, किंवा एकच पॅड वरून जाड खालून पातळ, असं असेल तर पिन नाहीतर पिस्टन अडकलाय.

पिन काढा, बाहेर आलेलं जुनं काळं ग्रीस पुसा, भोक आतून साफ करा. पिन हाताने आत ढकलली की मऊ जायला हवी आणि हवेने थोडी परत यायला हवी. एका पिनेला टोकाला रबराची बुशी असते, ती ज्या भोकातली त्याच भोकात. वरची खाली, खालची वर करू नका.

ग्रीस ब्रेकचंच, सिलिकॉन किंवा सिंथेटिक. बेअरिंगचं पिवळं ग्रीस घातलं की पहिले काही महिने मस्त चालतं, मग खनिज तेलाने रबर फुगतं, बूट सैल पडतो, आत पाणी जातं आणि पिन गच्च बसते. पिनेवर पातळ थर पुरे. भोक ग्रीसने भरलं की हवेला जागा राहत नाही आणि पिन परत बाहेर येते.

पिस्टन आत ढकलताना सी-क्लँप वापरा, ब्लीड निपल (कॅलिपरवरचा, ऑइल बाहेर काढायचा स्क्रू) पाव फेरा सैल करून त्यावर नळी लावा, म्हणजे कॅलिपरमधलं मळकं ऑइल मागे एबीएसकडे न जाता बाटलीत येतं. निपल आवळूनच क्लँप सोडायचा, नाहीतर हवा शिरते. ऑइल दोन वर्षांनी बदला. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा पिऊन तेच १५५ पर्यंत खाली येतं. घाटात हा फरक पेडल तळाला गेल्यावर कळतो.

कृष्णाकाठ (सांगली)

सांगलीकडचा मुद्दा. २०१९ च्या पुरात जशा गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या, तशी पाण्यात राहिलेली गाडी घेताना मागचे ड्रम उघडून बघा. आत गाळ बसतो, लायनरच्या (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्टीच्या) आकाराचा गंज ड्रमला खड्डा पाडतो, आणि मग वर सांगितलेली सीटमधली थरथर येते. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्याच्या आत राहून बोअरिंग करता येतं. चार दिशांनी आतला व्यास मोजा. ०.१० मिमीच्या वर फरक असेल तर ड्रम अंडाकृती झालाय. घाट उतरून गरम ड्रमवर हँडब्रेक करकचून ओढून गाडी लावण्यानेही हे होतं.

आतली धूळ हवेने उडवू नका. ती नाकात जाऊ नये म्हणून ओल्या ब्रशने, ब्रेक क्लीनरने खाली भांड्यात धुऊन काढा.

पाना_१७

टर्निंग झालं, डावी आता २१.१५, आठही जागी सारखी. खुणेवर बसवून ०.०३. पिना साफ, पॅड नवे. चाकाचे नट किती आवळायचे?

घाटउतार (सातारा)

छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. टॉर्क पान्याने, क्रॉसमध्ये, दोन टप्प्यांत : आधी सगळे अर्ध्या जोराने चाक हवेत असताना, मग गाडी खाली टेकवून पूर्ण. स्टडला ऑइल लावायचं नाही. ऑइल लावलं की त्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो.

तुमच्या या गाडीत सगळ्याची सुरुवात बहुधा इथूनच झाली होती. पंक्चर काढून झालं की हवेच्या गनने एक नट पूर्ण आवळायचा, मग शेजारचा, ही पद्धत जवळपास सगळीकडे आहे. डिस्क हब आणि चाक यांच्यामध्ये दाबलेली असते, एका बाजूने आवळली की ती तशीच तिरकी धरली जाते. टायरवाल्याला आधीच सांगा, गनने फक्त टेकवा, आवळणं मी करतो. टॉर्क पाना डिकीत ठेवा.

गोडोलीकर

आणि इतकं करूनही स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर उरलीच तर चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मची मागची रबरी बुश बघा. रबर चिरलं की डिस्कचा अगदी थोडा दोषही स्टिअरिंगपर्यंत मोठा होऊन पोचतो. पहारीने आर्म पुढे-मागे रेटून बघितलं की चीर उघडी पडते.

पाना_१७

बुश ठीक आहे, रेटून बघितली. बेडिंग आज पहाटे झालं. ९० वरून हलका ब्रेक, जोरात ब्रेक, दोन्हीला स्टिअरिंग स्थिर. बेडिंगनंतर १०० किलोमीटर झाल्यावर नट परत टॉर्क पान्याने तपासले, डाव्या बाजूचा एक नट किंचित फिरला, बाकी जागच्या जागी. पाच हजारांवर डावीची जाडी परत आठ जागी मोजून इथे टाकतो.